वारसा यादीत आहे, कामाच्या बीओक्यूत नाही: मुंबईच्या मैलाच्या दगडांसाठी खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या रस्त्यांची, पदपथांची आणि खोदाईची कामे मंजूर करणारे अभियंते व अधिकारी, ती कामे घेणारे कंत्राटदार, आणि केबल, गॅस व पाण्याच्या लाइनी टाकणाऱ्या सर्व यंत्रणा

सप्रेम नमस्कार.

शहरातले रस्ते काँक्रीटचे होत आहेत. त्यासोबत पदपथ नव्याने बसवले जात आहेत, गटारे बदलली जात आहेत, केबलसाठी चर पडत आहेत. या कामांना आमचा विरोध नाही. हे पत्र त्या पदपथांच्या कडेला उभ्या असलेल्या पंधराएक काळ्या दगडांसाठी आहे आणि आमची मुख्य मागणी एका ओळीत मावते: या दगडांजवळ होणाऱ्या प्रत्येक कामाच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या बाबी, त्यांची मापे आणि दर लिहिलेल्या तक्त्यात, दगडाचा स्वतंत्र आयटम असावा. बाकीचे पत्र ती ओळ का हवी आणि तिच्यात काय लिहावे, यासाठी आहे.

आम्ही पाथरकाम, चुन्याचे काम आणि जुन्या बांधकामांचे मोजमाप या व्यवसायातली माणसे. बिघडलेला दगड शेवटी आमच्याच हाती येतो आणि तोवर हातात फारसे काही उरलेले नसते. म्हणून काम सुरू होण्याआधी बोलतो आहोत.

हे दगड म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून १८१६ ते १८३७ या काळात बसवलेले मैलाचे दगड. पहिला मैल काळबादेवीत पडतो; पुढे ताडदेव, लालबाग-परळ, दादर असे ते जुन्या रस्त्यांच्या अंगाने शहराबाहेर जात राहतात. काळा बेसाल्ट, साधारण तीन-चार फुटांची उंची, एक रोमन आकडा, आणि इंग्रजीत ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ एवढाच मजकूर. त्यावर ‘कॅथेड्रल’ असे नाही, ‘चर्च’ असे आहे. ही इमारत १७१८ च्या नाताळात चर्च म्हणून उघडली आणि कॅथेड्रलचा दर्जा तिला १८३७ मध्ये मिळाला, त्यामुळे दगडावरच्या त्या एका शब्दावरूनही त्याचे वय कळते. याच चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव स्टेशनाला चिकटून राहिले. दगड मात्र तट उभा होता तेव्हाचे आहेत.

रस्त्यावर मैल मोजून दगड उभे करायची ही पद्धत इंग्लंडातल्या टर्नपाइक रस्त्यांवर रुळली. टर्नपाइक म्हणजे रस्त्यात आडवा लावलेला, पैसे दिले की बाजूला होणारा अडसर. आजच्या भाषेत टोलनाका. तिथे टोल घेऊन रस्ता राखणाऱ्या विश्वस्त मंडळांना मैलाचे दगड बसवणे १७६७ च्या कायद्याने सक्तीचे झाले. प्रवाशाने पैसे मोजले, तर रस्ता किती उरला हे त्याला कळले पाहिजे, असा तो साधा व्यवहार होता. आपल्याकडे शीवचा बांध (खाडीवरून भराव घालून नेलेला रस्ता) आणि १८३० मध्ये चाकाच्या गाड्यांसाठी उघडलेला बोरघाट या दोन्ही ठिकाणी टोल होता. माहीमचा बांध १८४५ मध्ये झाला तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून, आणि त्यांची अट होती की या बांधावर टोल घ्यायचा नाही. मुंबईतून निघणारा रस्ता, त्याचे अंतर आणि त्याचा खर्च यांची चर्चा दोनशे वर्षे जुनी आहे. त्या काळातली जागची जागी उरलेली निशाणी म्हणजे हे दगड.

‘जागची जागी’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. इंग्रजी मोजणीतला मैल म्हणजे १,७६० यार्ड, ८ फर्लांग, किंवा ६६ फुटांच्या ८० साखळ्या. दगडावर कोरीव नक्षी नाही, मूर्ती नाही, कोणाचे नाव नाही. चर्चपासून इतक्या मैलांवर मी उभा आहे, एवढेच तो सांगतो. तो वीस फूट सरकवला की त्यावरचा मजकूर खोटा ठरतो. जुनी तोफ बागेत नेऊन ठेवली तरी ती तोफच राहते. मैलाचा दगड बागेत नेला की नुसता दगड उरतो.

कायद्याच्या अंगाने बोलायचे तर मुंबईच्या वारसा यादीत हे दगड पहिल्या श्रेणीत आहेत. गेटवे ऑफ इंडियाला आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जी श्रेणी, तीच. १९९५ च्या वारसा नियमांपासून ही श्रेणी चालत आली आहे आणि आज विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधल्या ५२ व्या नियमाखाली ती लागू आहे. पहिल्या श्रेणीचा अर्थ असा की मजबुतीसाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी जेवढे अत्यावश्यक असेल तेवढाच हस्तक्षेप करायचा, आणि तोही वारसा समितीच्या परवानगीने. गेल्या काही वर्षांत यांतले अनेक दगड जमिनीतून वर काढून स्वच्छही करण्यात आले. ते काम मोलाचे होते. तेच दगड पुन्हा गाडले जाऊ नयेत, ही आमची काळजी आहे.

कारण यादी राहते कार्यालयात. जागेवर असतो तो साइट इंजिनिअर, मुकादम आणि जेसीबीचा चालक. त्यांच्या हातात नकाशा आणि बीओक्यू असतो. त्यात अमुक चौरस मीटर पेव्हर (पदपथाचे ठोकळे), तमुक मीटर कर्ब स्टोन (पदपथाच्या कडेचे दगड), इतके मॅनहोल असे सगळे लिहिलेले असते. दगड लिहिलेला नसेल तर मुकादमाच्या लेखी तो एक अडथळा, आणि अडथळ्याभोवती काँक्रीट ओतून पुढे जायचे ही साइटवरची रीत. यात त्या माणसाची चूक आम्ही मानत नाही. जे काम मोजले जात नाही, ज्याचे बिल निघत नाही, ते काम होत नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली पातळीची. दगडांचे सर्वांत मोठे नुकसान मोडतोडीने होत नाही, आजूबाजूची जमीन चढल्याने होते. डांबरी रस्त्यावर जुना थर न खरवडता नवा थर टाकला की प्रत्येक वेळी पाच सेंटिमीटर वाढतात. असे पाच थर म्हणजे पंचवीस सेंटिमीटर, जवळपास दहा इंच. रस्ता चढला की पाणी पदपथावर येऊ नये म्हणून कर्ब वर घ्यायचा, कर्बमागे पदपथ वर घ्यायचा. चार फुटांच्या दगडाचा एक तृतीयांश भाग मुळातच जमिनीत असतो. उरलेल्या अडीच-पावणेतीन फुटांतले दहा इंच गेले की खालची ओळ बुडते, आणखी थोडे गेले की आकड्याचा खालचा भाग. शेवटी पदपथातून डोके काढलेला एक काळा गोटा राहतो, ज्यावर लोक पिशवी ठेवतात. काँक्रीटचा रस्ता करताना जुना रस्ता खोदूनच काढावा लागतो, म्हणजे पातळी मूळ जागी आणायची संधी आयतीच मिळते. ती सोडून नवा रस्ता चढत्याच पातळीवर आखला, तर तो पुढची कित्येक दशके खाली येणार नाही.

दुसरी काँक्रीटच्या कोंदणाची, आणि ती जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण हे चांगल्या हेतूने केले जाते. दगड हलतो आहे असे दिसले की त्याभोवती खड्डा करून काँक्रीट ओततात, वर घोटून गोल कट्टा करतात, कधी वरून ग्रॅनाइट बसवतात. दिसायला नीटनेटके दिसते. पण दगड आणि काँक्रीट यांच्यात केसाएवढी फट राहतेच. पावसाचे पाणी तिथून उतरते आणि कट्ट्यामुळे बाहेर पडत नाही. सिमेंटमधले क्षार त्या पाण्याबरोबर दगडाच्या अंगावर चढतात आणि वाळले की पांढरी खरपुडी धरते. खरपुडी नेमकी खालच्या ओळीच्या अक्षरांत बसते. दुसरे असे की घट्ट कोंदणातल्या दगडाला टेम्पोचा मागचा भाग लागला तर दगडाला हलायला जागा नसते, सगळा धक्का कट्ट्याच्या पातळीवर, मानेशी येतो आणि दगड तिथेच तुटतो. खडीत किंवा चुन्याच्या मऊ बैठकीत उभा असलेला दगड त्याच धक्क्याने कलतो. तो पुन्हा ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा, घेता येतो. आणि तिसरे म्हणजे पुढे कधी दगड वर घ्यायची वेळ आली, तर ते काँक्रीट फोडावे लागते. ब्रेकर लावला की हादरा सरळ दगडात जातो. बेसाल्ट दाबाला भक्कम, पण ठोक्याला ठिसूळ; आत एखादी जुनी चीर असेल तर ती उघडते.

तिसरी तक्रार खोदाईची. केबलचा चर पदपथाच्या नेमक्या त्याच पट्ट्यातून जातो जिथे दगड असतो. जेसीबीच्या बकेटला दगडाचा पाया दिसत नाही. दात वर लागले तर खरचटते, खाली लागले तर दगड कलतो. चर भरताना माती दाबली नाही तर एका पावसाळ्यात ती बसते आणि दगड चराच्या बाजूला झुकतो. मग कोणीतरी तो सरळ करून काँक्रीट ओततो, आणि आपण दुसऱ्या तक्रारीशी येऊन पोहोचतो.

रंगाबद्दल थोडक्यात. ऑइल पेंटचा एक हात मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो, पण वीस हातांनी एक मिलिमीटर भरतो, आणि रंग सपाट भागापेक्षा खोबणीत जास्त साचतो. कोरलेल्या अक्षरांचे कोपरे आधी बुजतात. संध्याकाळी अशा दगडासमोर बसून टॉर्च अगदी कडेने, दगडाला लागून धरावा. समोरून ज्या जागी काळा चट्टा दिसत होता तिथे तिरप्या उजेडात एकेक रेष उठते: आकड्याच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्या टोकांना पाथरवटाने दिलेले आडवे फाटे, आणि ‘चर्च’ शब्दातला एखादा बाक, ज्याच्या आत रंगाचा लोंबता थेंब तसाच सुकलेला असतो. अक्षर रंगाखाली शाबूत असते. ते शाबूत राहील की नाही, हे रंग कसा काढला जातो यावर ठरते.

आणि तो काढला जातो ग्राइंडरने किंवा ॲसिडने. ग्राइंडरची चकती रंगाबरोबर दगडाची कातडीही नेते. मग अक्षरे उथळ झाली म्हणून कोणी टाकी घेऊन ती ‘ठळक’ करतो, आणि दोनशे वर्षांपूर्वीचे अक्षर जाऊन या वर्षीचे अक्षर उरते. ॲसिडचे नुकसान उशिरा दिसते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये जुनी वायूची छिद्रे असतात, त्यांत कॅल्साइट आणि झिओलाइट ही पांढरी खनिजे भरलेली असतात. फरशी धुवायचे ॲसिड पडले की कॅल्साइट फसफसून निघून जाते, झिओलाइट मऊ पडते, छिद्रे उघडी पडतात आणि दगडातल्या लोहाचे तांबूस ओघळ पुढची अनेक वर्षे येत राहतात.

योग्य रीत संथ आहे, महाग नाही. आधी मागच्या बाजूला दहा बाय दहा सेंटिमीटरच्या चौकटीत चाचणी घ्यावी. रंग मऊ करणारी जेल लावून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळावा, मऊ झालेला थर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा, खोबणीत बांबूची काडी आणि नायलॉनचा ब्रश वापरावा, शेवटी साध्या पाण्याने धुवावे. तारेचा ब्रश नको; त्याचे कण दगडात रुततात आणि गंजतात. हे दोन-तीनदा करावे लागते. सिमेंटची खरपुडी असेल तर बारीक टाकीने, दगडाला समांतर धरून, कपच्यांनी काढावी आणि अगदी शेवटचा पातळ पापुद्रा राहू द्यावा. दगड आरशासारखा काळा दिसलाच पाहिजे असे नाही. त्याला पॉलिश नको, चकाकणारे वॉर्निशही नको, कारण आतला ओलावा बाहेर पडायला वाट हवी.

शेंदराविषयी वेगळे बोलले पाहिजे. उभ्या काळ्या दगडाला हळद-कुंकू, शेंदूर लागणे हे आपल्याकडे नवीन नाही, आणि ज्यांनी तो लावला त्यांना आम्ही दोष देत नाही. असा दगड बहुतेक वेळा त्या पूजेमुळेच उपटला गेलेला नसतो. तिथे पोलिस बंदोबस्तात साफसफाई करणे चुकीचे ठरेल. आधी रोज दिवा लावणाऱ्या माणसांशी बोलावे, दगड काय आहे ते सांगावे, आणि पूजा करायचीच असेल तर ती अक्षरांची बाजू सोडून मागच्या अंगाला, तेलाशिवाय करता येईल का ते त्यांनाच विचारावे. तेल-शेंदराचा जाड थर मुलतानी मातीचा लेप लावून, वाळू देऊन, हळूहळू निघतो. त्यात शिसे असू शकते, म्हणून मास्क आणि हातमोजे घालावेत आणि निघालेला कचरा गटारात टाकू नये.

आता दगड वर घ्यायची वेळ आली तर काय करावे. आमचे पहिले मत असे की शक्य तिथे दगड उचलूच नये, भोवतालचा पदपथ उतरवावा. दगडाच्या चारही बाजूंना साठ सेंटिमीटरचा पट्टा मूळ पातळीवर आणून, तिथले पाणी गटारात काढून देता आले तर दगडाला हात लावायचे कारणच उरत नाही. ते जमत नसेल, म्हणजे गटाराची पातळीच वर असेल आणि त्या पट्ट्यात पाणी तुंबणार असेल, तरच दगड उचलावा. उचलावा तोही सरळ वर. आडवा एक इंचही नाही.

त्यासाठी आधी मोजमाप. दगडाच्या मध्यापासून आसपासच्या तीन पक्क्या बिंदूंची अंतरे टेपने घ्यावीत, पाच मिलिमीटरच्या आत. बिंदू इमारतींच्या जोत्याचे कोपरे असावेत. कर्ब, मॅनहोल, विजेचे खांब चालत नाहीत, कारण ते त्याच कामात बदलले जातात. मोबाइलवरचे जीपीएस यादीत नोंद करायला ठीक, पण ते पाच मीटर इकडे-तिकडे दाखवते आणि दगडाला तेवढी सूट देता येत नाही. चारही बाजूंचे फोटो पट्टी ठेवून काढावेत. माथ्याची पातळी लेव्हल यंत्राने जोत्याच्या मानाने नोंदवावी.

मग एका बाजूला हाताने छोटा खड्डा घेऊन दगडाचे बूड किती खोल आहे ते पाहावे. अंदाजावर पट्टे बांधले की दगड घसरतो. चारही बाजूंनी पंचेचाळीस ते साठ सेंटिमीटर रुंद खोदाई पहार-फावड्याने करावी. काँक्रीट असेल तर बाहेरून आत येत छिन्नी-हातोड्याने तुकडे काढावेत. दगडाला लागून असलेले शेवटचे पाच सेंटिमीटर पाथरवटाकडे सोपवावेत. दगडाचे वजन आधी काढून ठेवावे. एक घनफूट बेसाल्ट साधारण ऐंशी किलो भरतो. चार फूट उंच, दीड फूट रुंद आणि पाऊण फूट जाड दगड धरला तर साडेचार घनफूट, म्हणजे सुमारे ३६० किलो. याला एक टनाची चेन पुली, तीन पायांची घोडी आणि दोन रुंद नायलॉनचे पट्टे पुरतात. लोखंडी दोर नको, कडा खातो. पट्ट्यांखाली गोणपाट द्यावे. पाच-पाच सेंटिमीटर वर घेत, प्रत्येक टप्प्याला खाली लाकडी पाचरी देत जावे. क्रेनने एका झटक्यात उचलायची घाई करू नये. एक पाथरवट, एक गवंडी आणि चार बिगारी यांचे हे दोन-तीन रात्रींचे काम आहे.

खाली दहा-पंधरा सेंटिमीटर खडी धुमसून घ्यावी, वर चुन्याच्या काँक्रीटची बैठक द्यावी. सांध्याला एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग धुतलेली वाळू असा मसाला. सिमेंट ‘थोडेसे’सुद्धा मिसळू नये, ते थोडेसेच पुढे वर सांगितलेला त्रास देते. दगडाची एक तृतीयांश उंची जमिनीत राहिली पाहिजे. ओळंबा दोन बाजूंनी धरून, मगच खाली भरणी करावी. चुन्याला आठ-दहा दिवस ओले गोणपाट आणि धक्क्यापासून आडोसा लागतो, तेवढे दिवस भोवती बॅरिकेड ठेवावे. वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या पट्ट्यात सुटी खडी भरावी आणि बाहेरून काळ्या दगडाची कड द्यावी, म्हणजे पेव्हर दगडाला टेकणार नाहीत आणि पाणी खाली मुरेल. शेवटी तीच तीन अंतरे पुन्हा मोजावीत. आधीची आणि नंतरची अंतरे जुळली नाहीत, तर काम पूर्ण झाले असे धरू नये.

दगड तुटलाच तर एकही तुकडा डेब्रिजच्या डंपरमध्ये जाऊ देऊ नये. नखाएवढ्या कपचीवरही अक्षराची कड असते. तुकडे नंबर घालून, गोणपाटात बांधून ठेवावेत. जोडायला बारा मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या, ३१६ ग्रेडच्या खुंट्या वापराव्यात, त्या आठ-दहा सेंटिमीटर दोन्हीकडे जातील अशा. इपॉक्सी फक्त खुंटीच्या भोकात, सांध्याच्या कडेला चुन्याचा मसाला. साधी सळई घातली तर ती गंजून फुगते आणि ज्या दगडाला जोडायला घातली त्यालाच फोडते. जुन्या घाटांवरच्या आणि देवळांतल्या किती पायऱ्या अशाच फुटल्या आहेत, हे तुम्हीही पाहिले असेल.

पदपथाच्या रुंदीचा प्रश्न निघेल, म्हणून तेही लिहितो. चालणाऱ्यांना १.८ मीटर मोकळी जागा हवी, हा नियम आम्हालाही मान्य आहे. बहुतेक दगड कडेला आहेत. त्यांच्यामुळे जेवढी जागा अडते त्यापेक्षा जास्त जागा शेजारचे मीटर बॉक्स आणि फलकांचे खांब अडवतात. अरुंद जागी सरकवायचेच असेल तर ते सरकवावेत. त्यांच्यावर अंतर लिहिलेले नाही.

ज्यांच्या दुकानासमोर दगड आहे त्यांनाही एक विनंती. त्याला शटरची साखळी बांधू नका, त्यावर पोस्टर चिकटवू नका, हातगाडीचे चाक अडवायला तो वापरू नका. आणि प्रेमाने का होईना, दिवाळीला त्याला रंग देऊ नका.

आमच्या मागण्या अशा आहेत.

दगडांची जी यादी वारसा विभागाकडे आहे ती, प्रत्येकाची तीन अंतरे, माथ्याची पातळी आणि फोटो यांच्यासह, रस्ते विभागाच्या आणि खोदाई परवानगी देणाऱ्या प्रत्येक वॉर्ड कार्यालयाच्या नकाशावर चढवावी. खोदाईच्या अर्जात ‘दहा मीटरच्या आत मैलाचा दगड आहे काय’ असा रकाना घालावा. उत्तर ‘हो’ असेल तर दगडापासून एक मीटरच्या आत यंत्राने खोदाई करायची नाही आणि त्याखालून चर न्यायचा नाही, अशी अट परवानगीतच छापलेली असावी.

रस्ता किंवा पदपथ यांच्या निविदेत दगडाचा स्वतंत्र आयटम असावा: संरक्षक लाकडी खोका, हाताने खोदाई, चुन्याची बैठक, खडीचा पट्टा, आधी-नंतरचे मोजमाप. दर ठरवा, बिल काढा. कंत्राटदाराचे शेवटचे बिल तीन अंतरे जुळल्याशिवाय मंजूर होऊ नये. आमच्या मते बाकी सगळ्या मागण्यांपेक्षा ही एक जास्त उपयोगी पडेल.

पदपथाची नवी पातळी ठरवताना दगडाची सर्वांत खालची ओळ जमिनीपासून किमान पंधरा सेंटिमीटर वर राहील, हे नकाशावरच दाखवावे. दगड उचलणे, स्वच्छ करणे, जोडणे यांतले काहीही वारसा समितीच्या लेखी परवानगीशिवाय आणि पाथरकाम जाणणाऱ्या माणसाशिवाय होऊ नये. अक्षरे नव्याने कोरणे, रंगवणे आणि दगड बागेत, चौकात किंवा संग्रहालयात हलवणे यांवर सरसकट बंदी असावी.

दगडाला भोके पाडून माहितीफलक लावू नये. फलक पदपथात बसवावा, छोटा, मराठीत. दगडावरचा मजकूर काय आहे, तो कधीचा, आणि आजच्या किलोमीटरमध्ये ते अंतर किती हे सांगणारा. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर, एवढे जरी लिहिले तरी शाळेतले मूल तिथे थांबेल.

शेवटची मागणी वेळेची. पावसाळ्यात रस्त्यांची खोदाई थांबते आणि त्यानंतर परवानग्यांचा नवा हंगाम सुरू होतो. मधल्या महिन्यांत प्रत्येक दगडापाशी एक अभियंता, एक पाथरवट आणि एक टेप एवढे पाठवले तर नोंद पूर्ण होते. ही नोंद करायला आम्ही स्वतः यायला तयार आहोत, मोबदल्याशिवाय. कोणत्या वॉर्डात कोणत्या दिवशी यायचे ते कळवावे, आणि नोंद हातात येईपर्यंत या दगडांच्या दहा मीटरच्या आत खोदाईची नवी परवानगी देऊ नये.

आपले,
मुंबईतले काही पाथरवट, चुनाकाम करणारे गवंडी आणि जुन्या बांधकामांच्या मोजणीचे काम करणारे